जिमी हेंड्रिक्सच्या गिटारीचा नाद : पुनर्रचनेच्या एका उद्योगाचे परीक्षण

नादाचे लहानमोठेपण, उच्चनीचता आणि जाती असे तीन गुण आपल्या संगीतशास्त्राच्या पाठ्यग्रंथांतून सांगितलेले असतात. त्यांपैकी पहिले दोन मोजता येतात, आणि दुसरा तर स्वरलिपीत लिहूनही ठेवता येतो. तिसऱ्याचे तसे नाही. एकाच पट्टीत, एकच स्वर, सारख्याच जोराने वाजविणारी सनई आणि सारंगी डोळे मिटूनही वेगळ्या ओळखू येतात त्या या जातीमुळे. परंतु ही जाती कागदावर उतरत नाही. म्हणून जुन्या गायकवादकांविषयी लिहिताना आपला इतिहासकार येथे येऊन थांबतो आणि 'गोड', 'भरदार', 'पिळदार' अशा विशेषणांचा आश्रय करतो. ध्वनिमुद्रणाची कला आल्यावर ही अडचण काही अंशी दूर झाली. वादक गेला तरी त्याच्या नादाची जाती कानाने तपासून पाहता येऊ लागली. आणि जे तपासता येते ते पुन्हा घडविता येईल काय, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (१९४२–१९७०) हा २४ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनला आला आणि १८ सप्टेंबर १९७० रोजी त्याच शहरी मृत्यू पावला. चार वर्षांहून थोड्या कमी अशा या अवधीत त्याने विद्युत् गिटारीतून जो नाद काढला, तो पुन्हा निर्माण करण्याचा उद्योग गेली पन्नासाहून अधिक वर्षे अव्याहत चालू आहे. हौशी वादक, दुरुस्तीचे कारागीर, पिकअप आणि पेडले तयार करणारे लहानमोठे कारखाने, आणि अलीकडे संगणकावर विद्युत्‌मंडलांच्या प्रतिकृती रचणारे तंत्रज्ञ असे सर्व प्रकारचे लोक त्यात आहेत. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयास हात घालावा याचे कारण इतकेच, की लुप्त झालेल्या रूपाची उपलब्ध साक्षींवरून पुनर्रचना करणे हा आमच्या शास्त्राचा जुना व्यवसाय आहे, आणि त्या व्यवसायात पूर्वी जे भ्रम होऊन गेले ते येथे पुन्हा होताना दिसतात.

या उद्योगामागील रूढ समजूत थोडक्यात अशी : अमुक सालची गिटार, अमुक वेटोळ्यांचे पिकअप, अमुक ट्रान्झिस्टरांचे पेडल आणि अमुक बनावटीचा अँप्लिफायर जमविला की नाद जमला. या समजुतीची थट्टा करणारा एक विरोधी पक्षही आहे. 'नाद बोटांत असतो, यंत्रात नव्हे,' हे त्याचे ब्रीद. दोन्ही पक्ष वस्तू आणि वादक यांना एकमेकांपासून तोडून मगच त्यांच्यात निवाडा करू पाहतात. प्रत्यक्षात त्या चार वर्षांतील नाद हा सुट्या भागांच्या गुणांची बेरीज नव्हता. भागाभागांतील संबंधांतून तो उत्पन्न होत होता, आणि वादकाचा हात हा त्या संबंधांपैकीच एक होता. शिवाय ज्या भागांना आज 'मूळ' म्हणून मान दिला जातो, ते बहुतेक सर्व भाग स्वतःच कशाच्या तरी फसलेल्या नकला होत्या. हे दोन मुद्दे पुढील विवेचनात सिद्ध करावयाचे आहेत.

प्रथम गिटारीचा विचार करू. हेंड्रिक्सचे प्रमुख वाद्य फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही गिटार. ही रचना १९५४ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे बाजारात आली. तिच्यात तारांखाली तीन पिकअप असतात. पिकअप हा हवेतील आवाज ऐकत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. सहा लहान चुंबकदांड्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची सुमारे आठ हजार वेटोळी दिलेली असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र ढवळले जाते व वेटोळ्यात क्षीण विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो. तारेच्या ज्या बिंदूखाली पिकअप असेल त्या बिंदूचाच कंप त्याला कळतो. घोडीजवळ तारेचे झोके आखूड असतात व वरचे उपस्वर तुलनेने प्रबळ. मानेकडे मूळ स्वर प्रबळ. पिकअपची जागा बोटभर सरकली तरी नादाची जाती बदलते ती यामुळे.

हेंड्रिक्स डावखुरा होता, परंतु तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारांचा क्रम आपल्या सोयीचा लावून वाजवीत असे. या एका कृतीने वाद्यातील किती संबंध बदलले ते पाहण्यासारखे आहे. स्ट्रॅटोकॅस्टरचा घोडीजवळचा पिकअप तिरपा बसविलेला असतो : बारीक तारांच्या बाजूने घोडीला निकट, जाड तारांच्या बाजूने दूर. गिटार उलटताच हे तिरपेपण विरुद्ध झाले. जाड तारांचा आवाज अधिक आखीव झाला आणि बारीक तारांचा बोचरेपणा कमी झाला. चुंबकदांड्यांची उंचीही सारखी नव्हती. त्या काळच्या तारांचा हिशेब धरून कारखान्याने दुसऱ्या तारेखालची दांडी बुटकी आणि मधल्या दोन तारांखालच्या दांड्या उंच ठेवल्या होत्या. उलटल्यावर बुटकी दांडी पाचव्या तारेखाली गेली आणि दुसऱ्या तारेला आपल्या वाट्याहून जास्त चुंबकत्व मिळाले. खुंट्यांचा क्रमही फिरला, त्यामुळे सर्वांत जाड तारेचा मानेपलीकडचा भाग सर्वांत लांब झाला. त्यात तो कित्येकदा सर्व तारा अर्धा स्वर उतरवून लावी. तारेची लांबी व जाडी तीच ठेवून अर्धा स्वर उतरविल्यास ताण सुमारे अकरा टक्क्यांनी घटतो, हे साध्या गणिताने काढता येते. सैल तार बोटाने अधिक ओढता येते, आणि चुंबकासमोर तिचा झोकाही मोठा पडतो.

यात 'विशेष' म्हणावा असा एकही भाग नाही. गिटार कारखान्यातून निघालेली नेहमीचीच; पिकअप नेहमीचेच. बदलले ते भागांचे परस्परांशी नाते. तरीही बाजारात जास्तीत जास्त उत्साह पिकअपमधील चुंबकाची जात, वेटोळ्यांची नेमकी संख्या, तारेवरील लाखेचा लेप यांविषयी आढळतो. या गोष्टी निरर्थक आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु फेंडरच्या कारखान्यात वेटोळी देताना तार कामगार स्त्रिया हाताने सरकवीत असत. एकाच आठवड्यात तयार झालेल्या दोन पिकअपांत शेकड्यांनी वेटोळ्यांचा फरक पडणे ही तेथे नित्याची बाब होती. ज्याचे मूळच एकरूप नाही, त्याची 'हुबेहूब' प्रत काढावयाची म्हणजे नेमकी कशाची?

आता गिटारीपासून निघणाऱ्या तारेकडे वळू. ही एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेली वस्तू आहे. त्या काळी टेलिफोनच्या दोरीसारखी गुंडाळीची लांब तार वापरीत. अशा तारेत विद्युत्‌धारिता बरीच असते. पिकअपचे वेटोळे आणि तारेची धारिता मिळून एक अनुस्पंदनमंडल तयार होते, व ते ज्या कंप्रतेला जुळते त्या कंप्रतेजवळचे उपस्वर उठून दिसतात. पिकअपची प्रेरकता २.२ हेन्री धरली, तर एकंदर धारिता ५०० पिकोफॅरड असताना हे शिखर सुमारे ४८०० हर्ट्झवर येते. धारिता २००० पिकोफॅरडवर नेली की ते सुमारे २४०० हर्ट्झवर, म्हणजे नेमके एक सप्तक खाली उतरते. हजारो रुपये खर्चून पिकअप बदलणारा हौशी वादक जे साधू पाहतो, त्याहून मोठा फरक एका सामान्य दोरीने पडतो. ज्यास पिकअपचा गुण म्हणतात, तो पिकअप आणि दोरी यांच्या संबंधाचा गुण आहे.

हा संबंधांचा प्रकार सर्वांत स्पष्ट दिसतो तो फझ फेस या पेडलाच्या बाबतीत. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते विक्रीस आणले. ध्वनिग्राहकाच्या उभ्या दांड्याची गोल लोखंडी बैठक असते, तिच्या आकाराची पेटी. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे, वर दोन फिरत्या कळा, आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी. इतक्या अल्प सामग्रीचे विद्युत्‌मंडल शालेय प्रयोगवहीतही शोभावे. त्याचे कार्य असे की आलेल्या विद्युत्‌लहरीचे माथे व पायथे छाटून टाकावयाचे. गोलसर लहर चौकोनी होते व तिच्यात मूळ तारेत नसलेल्या उपस्वरांची गर्दी होते. तंबोऱ्याच्या जवारीशी परिचित असलेल्या वाचकास याची कल्पना सहज येईल. घोडीवर तार हलकेच घासून जशी उपस्वरांची झळाळी उठते, तसेच काहीसे येथे विद्युत्‌मार्गाने आणि पुष्कळ अधिक उद्दामपणे घडते.

या पेडलाच्या पहिल्या नगांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, बहुधा एनकेटी २७५ या क्रमांकाचे. १९६८–६९ च्या सुमारास त्यांची जागा सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांनी घेतली. म्हणजे 'हेंड्रिक्सचे फझ फेस' असे एकवचनी काही नव्हतेच. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतील फझ आणि अखेरच्या वर्षातील फझ यांची द्रव्येच भिन्न आहेत. जर्मेनियमची गोष्ट तर आणखीच चमत्कारिक. एकाच क्रमांकाच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या वर्धनशक्तीत दुपटीतिपटीचे अंतर असे, आणि तापमान दहाएक अंशांनी वाढले की त्यांतून झिरपणारा प्रवाह साधारण दुप्पट होई. सकाळी थंड दालनात गोड लागणारे पेडल सायंकाळी दिव्यांच्या उष्णतेत घुसमटू लागे. एनकेटी २७५ चे जुने नग आज दुर्मिळ वस्तूंच्या भावाने विकले जातात. क्रमांक म्हणजे गुण नव्हे, हे त्या खरेदीदारांना कोणीतरी सांगावयास हवे. शब्दाचे लेखन म्हणजे उच्चार नव्हे, हे जसे आम्हांस पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

परंतु खरे मर्म पुढेच आहे. मार्शलसारख्या अँप्लिफायरचा येणाऱ्या संदेशास होणारा आदानरोध सुमारे दहा लाख ओहम असतो. तो पिकअपवर कसलाही भार टाकीत नाही. फझ फेसचा आदानरोध मात्र काही हजार ओहमांच्याच घरात आहे. गिटार थेट त्याला जोडली, की पिकअप हा त्याच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या मंडलाचा एक घटकच होऊन बसतो. गिटारीवरील आवाजाची कळ किंचित मागे फिरविली तर आवाज नुसता लहान होत नाही. पिकअप व पेडल यांच्यामध्ये नवा रोध येतो, छाटणी थांबते आणि नाद काचेसारखा स्वच्छ होतो. हेंड्रिक्स पेडल चालू ठेवून ही कळ वारंवार फिरवीत असे. त्याच्या अनेक ध्वनिमुद्रिकांतील जो स्वच्छ, किणकिणता आवाज 'फझविरहित' मानला जातो, तो अशा रीतीने फझमधूनच काढता येतो. येथे यंत्र कोठे संपते आणि हात कोठे सुरू होतो? बोटांचा पक्ष घेणाऱ्यांना जे 'बोटांत' आहे असे वाटते, त्यातील बराचसा भाग विद्युत्‌मंडलात दाखविता येतो. मात्र ते मंडल हाताशिवाय पुरे होत नाही. उलट, गिटार आणि फझ फेस यांच्यामध्ये एखादे आधुनिक, 'निर्दोष' पेडल ठेवले की ते दोघांना एकमेकांपासून अलग करते. सर्व भाग अस्सल असूनही नाद परका होतो.

आता दुसऱ्या मुद्याकडे, म्हणजे या भागांच्या वंशावळीकडे वळू. फझचा उगम एका बिघाडात आहे. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गीताच्या मुद्रणाच्या वेळी (गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले) मिश्रणयंत्रातील एक वाट बिघडली आणि ग्रेडी मार्टिनच्या खर्जातील गिटारीचा आवाज फाटला. तो फाटका आवाज तसाच ठेवण्यात आला. मुद्रक ग्लेन स्नॉडी याने पुढे तो बिघाड हेतुतः घडविणारे मंडल रचले, व गिब्सन कंपनीने १९६२ साली ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीस काढले. कंपनीला मात्र फझ विकावयाचा नव्हता. या पेटीने गिटारीतून तुताऱ्यांचे आणि चेलोचे आवाज काढता येतात, असे तिचे सांगणे होते. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' मध्ये ती पेटी वाजली तीही पितळी वाद्यांची जागा तात्पुरती धरून ठेवण्यासाठी. पितळी वाद्यांची ही नक्कल फसली आणि तो फसलेला नादच लोकांना हवासा झाला. लंडनमध्ये १९६५ साली माएस्ट्रोवरून टोन बेंडर हे पेडल निघाले, त्याची पुढील वर्षीची सुधारलेली आवृत्ती आणि फझ फेस यांची मंडले जवळजवळ एक आहेत.

अँप्लिफायरची कथा याहून बोलकी आहे. जिम मार्शल हा लंडनच्या हॅनवेल भागातील वाद्यविक्रेता, मूळचा ढोलवादक. हेंड्रिक्सचा साथीदार मिच मिचेल हा पूर्वी त्याच्याच दुकानात काम करीत असे. अमेरिकन फेंडर अँप्लिफायर इंग्लंडात फार महाग पडत, म्हणून मार्शलच्या माणसांनी १९६२ च्या सुमारास फेंडरच्या बेसमन या नमुन्याचे मंडल जवळजवळ जसेच्या तसे उचलले. भाग मात्र स्थानिक वापरले. इंग्लंडात सुलभ असलेल्या ईसीसी८३, केटी६६ आणि पुढे ईएल३४ या निर्वात नलिका. फेंडरच्या उघड्या पाठीच्या पेटीतील दहा इंची चार ध्वनिक्षेपकांऐवजी बंद पेटीतील बारा इंची चार सेलेस्टियन ध्वनिक्षेपक. आराखडा तोच, उच्चारणस्थाने वेगळी, असे आमच्या परिभाषेत म्हणता येईल. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत शिरला की त्याचे जे होते तेच येथे झाले. 'हॉस्पिटल' चे 'इस्पितळ' झाले, ते ऐकून बनविणाऱ्याचा कान सदोष होता म्हणून नव्हे. त्याच्याजवळ जे ध्वनी होते त्यांतून त्याने शब्द उभा केला. मार्शलचा गडगडाट हे बेसमनचे असे इस्पितळ होय. १९६५ साली शंभर वॉटचे मार्शल आले, व हेंड्रिक्सच्या रंगमंचावर ते एकावर एक रचलेले दिसतात.

वा-वा पेडलाबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथे विषय आमच्या अंगणात येतो. १९६६ साली कॅलिफोर्नियातील टॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तंत्रज्ञ व्हॉक्स अँप्लिफायरमधील एक महागडी कळ स्वस्त करण्याच्या खटपटीत होता. त्या खटपटीतून असे मंडल निघाले, की त्याचे अनुस्पंदनशिखर एका फिरत्या कळीने खालीवर सरकविता येते. कळ पायाखाली देण्यात आली आणि १९६७ साली पेडल बाजारात आले. तुतारीच्या तोंडावर झाकण हलवून 'वा-वा' असा आवाज काढणारा क्लाइड मॅकॉय याचे नाव पहिल्या नमुन्यास दिले होते. म्हणजे हीही नक्कलच. शिखराचा पल्ला सुमारे ४०० पासून २००० हर्ट्झपर्यंत.

स्वरांच्या उच्चारणाचा अभ्यास केलेल्यांच्या दृष्टीस हे आकडे लगेच पडतील. हेल्महोल्ट्सने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वरांचे वैशिष्ट्य मुखविवराच्या अनुस्पंदनांत दाखविले. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी यांनी अमेरिकन वक्त्यांच्या स्वरांची जी मोजणी केली, तीत पुरुषांच्या 'ऊ' चा दुसरा फॉर्मंट ८७० हर्ट्झजवळ आणि 'ई' चा २२९० हर्ट्झजवळ येतो, तर 'आ' चे पहिले दोन ७३० व १०९० वर. वा-वा पेडलाचे एकमेव शिखर याच पट्ट्यात फिरते. ते खालून वर नेले असता ओठ आवळून मग मुख उघडल्याचा भास होतो, आणि 'व' पासून 'आ' कडे जाणारी वाणीची हालचाल हीच आहे. पेडलाचे नाव म्हणजे त्याच्या क्रियेचे यथातथ्य ध्वनिलेखन आहे. (मराठी श्रोत्याने ते ऐकून 'वा, वा!' म्हटले तर ती दाद की अनुकरण, हे ठरविणे कठीण.)

फांटने १९६० साली मांडलेल्या उपपत्तीनुसार वाणीत दोन टप्पे असतात : कंठात उपस्वरांनी समृद्ध असा मूळ ध्वनी निर्माण होतो, आणि मुखविवर गाळणीचे काम करून त्यास स्वराचा आकार देते. फझ हा कंठ आणि वा-वा हे मुख, अशी तुलना कोणासही सुचेल, व त्या न्यायाने फझ आधी आणि वा-वा नंतर यावयास पाहिजे. तसे जोडले असता स्वर खरोखर अधिक स्पष्ट उमटतात. परंतु हेंड्रिक्सचा क्रम उलटा होता. त्याची गिटार प्रथम वा-वा मध्ये आणि तेथून फझ फेसमध्ये जाई. म्हणजे मुख आधी, कंठ नंतर. वा-वाने ज्या उपस्वरास उचलून धरले त्याचीच फझ छाटणी करतो आणि त्यापासून नव्या उपस्वरांची रास उभी करतो. स्वर पुसट होतात, पण गुरगुर, कण्हणे, किंकाळी असे वाणीच्या अलीकडचे आवाज निघतात. १९६८ च्या 'व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)' चा आरंभ ऐकताना जे ऐकू येते ते बोलणे नव्हे, बोलण्याची धडपड आहे. शिवाय फझ फेसच्या अल्प आदानरोधामुळे वा-वाचा पल्लाही आक्रसतो. पुढील काळातील काही कारागिरांनी दोन्ही पेडलांत सुधारणा करून हा 'दोष' काढून टाकला, आणि मग त्यांचे ग्राहक नाद जुळत नसल्याची तक्रार करू लागले.

उरलेल्या दोन उपकरणांविषयी थोडक्यात. ऑक्टेव्हिया हे रॉजर मेयरचे. ब्रिटिश नौदलाच्या खात्यात कंप व ध्वनी यांच्या संशोधनाचे काम केलेल्या या तंत्रज्ञाने विद्युत्‌लहरीचे एकदिशीकरण करून, म्हणजे तिचा खालचा अर्धा भाग वर उलटवून, कंप्रता दुप्पट केली. 'पर्पल हेझ' (१९६७) मधील एकलवादनात वरचे सप्तक चिरकताना ऐकू येते ते यामुळे. युनि-व्हाइब हे जपानच्या शिन-एई कंपनीचे, फिरत्या ध्वनिक्षेपकाचा भास निर्माण करण्यासाठी निघालेले पेडल. त्यात एक लहान दिवा लुकलुकतो व भोवतीच्या चार प्रकाशसंवेदी रोधकांवर त्याचा उजेड कमीजास्त पडतो. फिरत्या ध्वनिक्षेपकाची नक्कल म्हणून ते अपुरेच आहे. पण 'मशीन गन' मध्ये ते जे करते ते फिरत्या ध्वनिक्षेपकाला साधले नसते.

या सर्व गोष्टी आपणास कशावरून कळतात? साक्षी चार प्रकारच्या आहेत : ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे व चित्रपट, शिल्लक राहिलेल्या वस्तू, आणि सहकाऱ्यांच्या आठवणी. ध्वनिमुद्रिका सर्वांत विश्वसनीय वाटते, पण तिच्यात ध्वनिग्राहकाची जागा, चुंबकफितीचे गुण आणि एडी क्रेमरसारख्या कुशल मुद्रकाचे संस्कार मिसळलेले असतात. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक येथे झालेल्या वादनाचा चित्रपट हा अधिक चांगला साक्षीदार. पांढरी स्ट्रॅटोकॅस्टर, वा-वा, फझ फेस, युनि-व्हाइब आणि मार्शल यांची साखळी त्या प्रसंगापुरती निश्चित करता येते. ती गिटार आज सिएटल येथील संग्रहालयात आहे. परंतु वस्तूही म्हाताऱ्या होतात. धारित्रांतील द्रव सुकतो, ट्रान्झिस्टर क्षीण होतात. आज जुने पेडल उघडून घेतलेली मापे १९६९ ची मापे नव्हेत. आठवणींबाबत तर बोलावयासच नको. त्या बहुतेक वीसतीस वर्षांनंतर, नाव जगप्रसिद्ध झाल्यावर सांगितलेल्या आहेत.

या परिस्थितीत पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जी शिस्त पाळली तिची आठवण होते. सुकथनकरांनी व्यासांची मूळ संहिता हाती लागली असा दावा केला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येईल तेथवरचे प्राचीनतम रूप, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नादाच्या पुनर्रचकांपैकी फारच थोड्यांना ही मर्यादा मान्य असते. एका ध्वनिमुद्रिकेतील फझ, दुसऱ्या मैफलीतील गिटार आणि तिसऱ्या छायाचित्रातील दोरी एकत्र करून ते जे उभे करतात, तसा नाद कोणत्याही एका दिवशी अस्तित्वात नव्हता. निरनिराळ्या शाखांतील आवडीचे पाठ वेचून केलेल्या मिश्र प्रतीस पाठचिकित्सक जे नाव देईल, तेच यास द्यावे लागेल.

आणि तरीही हा उद्योग व्यर्थ म्हणता येत नाही. टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन (१९५४–१९९०) याने १९८४ च्या आपल्या मुद्रिकेत 'व्हूडू चाइल्ड' वाजविले. त्याच्या गिटारीच्या तारा हेंड्रिक्सच्या मानाने पुष्कळ जाड होत्या, आणि फझ फेसवरही त्याची भिस्त नव्हती. पण त्यानेही तारा अर्धा स्वर उतरविल्या होत्या, आपल्या उजव्या हाताच्या गिटारीवर डाव्या हाताची घोडी बसवून घेतली होती, आणि अँप्लिफायर अशा जोराने लावले होते की ध्वनिक्षेपकाचा आवाज हवेतून परत तारेवर येऊन तिला थरथरविल. हा शेवटचा संबंध घरच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या भीतीने कळ एकवर ठेवणाऱ्यास कधीच साधत नाही. मग पेडल कितीही अस्सल असो. भाग वेगळे असतानाही व्हॉनचा नाद त्या घराण्याचा म्हणून ओळखू येतो. भाग तेच असूनही जेथे नाद परका झाला, त्या वर सांगितलेल्या उदाहरणाशेजारी हे उदाहरण ठेवून पाहावे.

फेंडर कंपनीने स्वतः या प्रश्नास दोन वेळा दिलेली उत्तरे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. १९९७ साली तिने हेंड्रिक्सच्या स्मरणार्थ जी गिटार काढली ती डाव्या हाताची असून तिला उजव्या हाताच्या वादकासाठी तारा लावलेल्या होत्या. तिच्या माथ्यावरील कंपनीचे नावही आरशातल्यासारखे उलटे छापलेले होते. आरशासमोर उभे राहून वाजविले की नाव सुलटे दिसावे आणि वादकाला आपल्या जागी हेंड्रिक्स दिसावा, अशी ही योजना. नादाचे सर्व भौमितिक संबंध तिच्यात आपोआप आले, पण ते अक्षरांच्या मागोमाग. २०१५ साली काढलेल्या दुसऱ्या नमुन्यात उजव्या हाताची साधी गिटार घेऊन फक्त दोन गोष्टी फिरविल्या : खुंट्यांचा माथा आणि घोडीजवळच्या पिकअपचे तिरपेपण. कळा नेहमीच्या जागी राहिल्या, नाव सुलटे राहिले. मला हा दुसरा नमुना पहिल्याहून अधिक विद्वत्तापूर्ण वाटतो. कोणते संबंध नाद घडवितात आणि कोणते केवळ दिसतात, याची निवड त्यात कोणीतरी केलेली आहे. त्या निवडीत कळांची जागा सोडून दिली गेली. उलट्या गिटारीवर त्या तारांच्या वरच्या बाजूस, हाताशी येत असत, आणि फझ चालू ठेवून त्या फिरविणे हे हेंड्रिक्सच्या वादनाचे एक अंग होते. तेव्हा त्या जागेचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.